रणपिसे आणि बायकोवरचं एक पान

भगवान रणपिसे वर्गात सगळ्यांच्या आधी यायचे. वर्ग मंगळवारी एक वाजता, आणि हे बाराला हजर. आमची खोली तेव्हा कुलूपबंद असायची, म्हणून कॉरिडॉरमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडीवर डबा घेऊन बसायचे आणि पोळीभाजी तिथेच खायचे. घरी जेवून का नाही येत, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "इथे येणारे-जाणारे दिसतात." मी ते हसण्यावारी नेलं. माणूस जरा वेंधळा आहे, अशी मी मनाशी नोंद केली होती. वेंधळे नव्हते ते. एकटे होते, आणि एकटेपणा लपवायला त्यांना जमत नव्हतं. मला जमतं.

मी सुचेता. मूळची पुण्याची, लीड्समध्ये बत्तीस वर्षं झाली, चष्म्याच्या दुकानात रिसेप्शनवर बसते. 'साहित्य आणि लेखन' हा कम्युनिटी कॉलेजातला वर्षभराचा वर्ग मी घेतला, कारण माझ्या पोटात एक कादंबरी आहे असा माझा वीस वर्षं समज होता. वर्गात आम्ही आठ जण. निवृत्त मंडळी, एक बसचालक, एक नुकतीच आई झालेली मुलगी. आणि रणपिसे, वय एकाहत्तर, कोट-टाय घालून, बुटांना पॉलिश करून.

पहिल्या दिवशी हजेरीत नाव ऐकलं आणि मी कान टवकारले. मधल्या सुट्टीत जाऊन विचारलं, मराठी का? ते उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "जयभीम." मी नमस्कार म्हटलं. आडनाव ऐकल्याबरोबर आमच्याकडच्या माणसाच्या डोक्यात जी गिरणी सुरू होते, ती माझ्याही डोक्यात सुरू झाली. खोटं कशाला बोलू? परदेशात बत्तीस वर्षं राहूनही ती गिरणी बंद पडलेली नाही. रणपिसेंना ती ऐकू आली असणार, कारण ते जरासे हसले आणि त्यांनी मला डब्यातली शेंगदाण्याची चटणी देऊ केली.

ते वर्गात का आले, हे त्यांनी मला ऑक्टोबरात सांगितलं.

एकोणीसशे एकाहत्तर साली थोरल्या भावामागोमाग ते नागपूरहून इथे आले. कारखान्यात फिटर झाले. ऐंशी साली गावी जाऊन लग्न केलं, बायकोला घेऊन आले. बायकोचं नाव धम्मशीला. धर्मांतरानंतर दोन वर्षांनी जन्मलेली मुलगी, वडिलांनी हौसेनं नवंकोरं नाव ठेवलं होतं. ती इथल्या मोठ्या हॉस्पिटलात लागली. शस्त्रक्रियेची हत्यारं जिथे धुऊन, उकळून, पुड्यांमध्ये बांधून परत पाठवतात, त्या तळघरातल्या विभागात. आणि रणपिसे इथल्या बौद्ध मंडळींच्या संघाचे सेक्रेटरी झाले. अक्षर सुरेख, भाषा शुद्ध, वेळेचे पक्के. चौदा एप्रिलचा कार्यक्रम, कॅमडेनला बाबासाहेब राहिले ते घर बघायला दरवर्षी कोच भरून न्यायचा, हॉल ठरवायचा, सगळं यांच्याकडे. पण त्यांचं खरं काम होतं परिचय लिहायचं.

त्यांच्या समाजात माणूस गेला की काही दिवसांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो. पांढरे कपडे घालून लोक जमतात, त्रिसरण-पंचशील म्हणतात, आणि मग गेलेल्या माणसाचा परिचय वाचला जातो. जन्म, गाव, शिक्षण, नोकरी, चळवळीतलं कार्य, दानधर्म, मागे कोण कोण आहे. शेवटी 'मनमिळाऊ, कष्टाळू आणि धम्मावर निष्ठा असलेलं व्यक्तिमत्त्व'. लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टरपर्यंत कुणीही गेलं की फोन रणपिसेंनाच. असे अडतीस परिचय त्यांनी लिहिले होते. सगळ्यांच्या प्रती एका फाइलमध्ये लावलेल्या.

मार्चमध्ये धम्मशीलाबाई पाळीवर असताना कोसळल्या. पासष्ट वर्षांच्या होत्या. रणपिसे पोचेपर्यंत संपलं होतं. दोघांनी पुढच्या वर्षी एकदम रिटायर व्हायचं, असं ठरवलेलं होतं. रणपिसेंनी त्याच महिन्यात काम सोडलं.

एकोणचाळिसावा परिचय त्यांनी दोन तासांत लिहिला. हात बसलेला होता. हॉलमध्ये वाचला, लोकांनी डोळे पुसले, चार जणांनी येऊन 'फार छान झाला' म्हणून सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी निवेदिता, कार्डिफच्या हॉस्पिटलात एक्स-रे काढते, ती घरी आल्यावर भांडी घासत होती. पाठ न वळवता तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही वाचला तो बाई कोण होता? माझा आई नव्हता तो."

निवेदिताचं मराठी असंच आहे, मधूनच बाईला 'तो' करते. रणपिसे आयुष्यभर तिची चूक सुधारत आले होते. त्या दिवशी त्यांनी सुधारली नाही.

"ती बरोबर बोलली," ते मला म्हणाले. "मी परिचय पुन्हा वाचला. नाव बदललं असतं तर तो आमच्या संघातल्या कुठल्याही बाईचा झाला असता."

त्यानंतर निवेदिता फोन करायची, पण रविवारी एकदा, औषधं घेतलीत का, जेवलात का, इतकंच. पुढच्या मार्चमध्ये पहिला स्मृतिदिन होता. त्या दिवशी मुलीला आपली आई ओळखू येईल असं एक पान आपल्याला लिहायचं आहे, आणि ते लिहायला येत नाही म्हणून आपण शिकायला आलो, असं त्यांनी मला अगदी सरळ सांगितलं. एकाहत्तराव्या वर्षी. माझ्या पोटातली कादंबरी त्या क्षणी मला अगदीच पोरकट वाटली.

आमची शिक्षिका जिल अ‍ॅकरॉइड, यॉर्कशरची, साठीची. स्पष्ट बोलायची, पण मनात काही नाही. तिनं पहिल्याच महिन्यात कुणा एका माणसाबद्दल लिहून आणायला सांगितलं. रणपिसेंनी धम्मशीलाबाईंचा परिचय इंग्रजीत करून आणला आणि उभं राहून खणखणीत वाचला. जिलनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, हा उत्तम अर्ज आहे भगवान, पण या बाईंना नोकरी हवी आहे का? वर्ग हसला. रणपिसेही हसले. खाली बसल्यावर त्यांनी कागद उलटा ठेवला.

मग तिनं त्यांना एक काम दिलं. विशेषणं नकोत, गुण नकोत. या बाईंची एक साधी सकाळ लिहा. उठल्यापासून दोन तास.

पुढच्या मंगळवारी रणपिसेंनी काही आणलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या मंगळवारी मी त्यांना गाठलं आणि जरा फटकारलंच. चाळीसहून अधिक वर्षं संसार केलात आणि एक सकाळ लिहिता येत नाही? ते बराच वेळ डब्याचं झाकण लावत राहिले. म्हणाले, "तिची सकाळ मी पाहिलेली नाही."

निवेदिता वर्षाची झाली तेव्हा दोघांनी पाळ्या वाटून घेतल्या होत्या. पोर सांभाळायला तिसरं कुणी नव्हतं. रणपिसेंची पाळी सहा ते दोन, धम्मशीलाबाईंची तीन ते अकरा. ते सव्वापाचला घर सोडत तेव्हा बाई झोपेत असत. बाई साडेअकराला येत तेव्हा हे झोपेत. इथे तसं करणारी कितीतरी घरं आहेत, त्यात नवल नाही. पण मुलगी मोठी झाली, कॉलेजला गेली, कार्डिफला गेली, आणि यांच्या पाळ्या तशाच राहिल्या. कारखाना बंद पडला तर एका गोदामात लागले, तिथेही पहाटेचीच पाळी मागून घेतली. सवय झाली होती, म्हणाले. सदतीस वर्षं.

आणि रविवार? मी विचारलं. रविवारी संघाचं काम असायचं.

मला त्यांचा राग आला. एवढा सज्जन माणूस आणि एवढा ठोंब्या! पण माझा राग हा असा, की लगेच मदतीला धावते आणि घोळ घालते. मी म्हटलं, रणपिसे, सगळं पाहिलेलंच लिहायला हवं असं कुठे आहे? अंदाजानं लिहा. तुम्ही कच्चं लिहा, मी हात फिरवते. माझं मराठी चांगलं आहे, हे मला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलेलं, त्यामुळे मला त्याची फार घमेंड.

त्यांनी दहा ओळी आणल्या. ती उठते, चहा करते, बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावते, निवेदिताला उठवते. मी त्यावर हात फिरवला. खिडकीवरचं धुकं आणलं, बांगड्यांची किणकिण आणली, वाफाळता चहा आणला, त्या गाणं गुणगुणत वेणी घालतात असं केलं. आणि सकाळ पुरी व्हावी म्हणून त्यांच्या हातून तुळशीला पाणीही घातलं.

रणपिसेंनी पान वाचलं. खिशातून पेन काढलं, तुळशीवर एक बारीक रेघ मारली, आणि म्हणाले, "आमच्याकडे तुळस नसते, सुचेताताई."

आवाज नेहमीसारखाच होता. मला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. या माणसानं, त्याच्या बायकोनं, तिच्या बापानं कशाकशातून बाहेर पडायला काय काय सोसलं होतं, आणि मी एका ओळीत बाईला परत आमच्या अंगणात नेऊन उभी केली होती. मी माफी मागितली. ते म्हणाले, अहो, तुमच्या मनात काही नव्हतं, मला ठाऊक आहे. तेच तर वाईट होतं. गाणं मात्र त्यांनी ठेवलं. ते बरं वाटतंय, म्हणाले.

जानेवारीतल्या एका शनिवारी त्यांनी मला बीस्टनला घरी बोलावलं. पान पक्कं झालं होतं, आणि स्मृतिदिनाच्या आधी निवेदिताला फोनवर वाचून दाखवायचं होतं. मी शेजारी असले तर धीर येईल, म्हणाले. घर लहान, स्वच्छ, आणि इतकं थंड की मी कोट काढलाच नाही. एकट्यासाठी हीटिंग कशाला, असं त्यांचं म्हणणं. हॉलमध्ये रेडिओ चालू होता आणि वरच्या खोलीत दुसरा. बोलता बोलता कळलं की ते आठवड्यातून एकदा कौन्सिलला फोन करून कचऱ्याच्या बिन उचलल्या नाहीत अशी तक्रार करतात. बिन वेळेवर उचलल्या जातात. फोनवरची मुलगी चांगलं बोलते, म्हणून. हे सांगताना ते लाजले आणि मी खिडकीबाहेर बघितलं. माझ्याकडे अशा दोन-तीन युक्त्या आहेत, त्या मी इथे लिहिणार नाही.

फोन स्पीकरवर ठेवून त्यांनी पान वाचलं. छान वाचलं. धुकं, बांगड्या, वाफाळता चहा, गुणगुणणं. वाचून झाल्यावर निवेदिता हळूच बोलू लागली. आवाजात राग नव्हता, दमलेपण होतं.

"बाबा, आई गात नव्हता. आई मॉर्निंगला बोलायचीपण नाही. नाईन ओ'क्लॉकपर्यंत सोफ्यावर बसायची, डोळे बंद करून, आणि मी तिच्या लॅपमध्ये. आणि चहा नाही. आई कॉफी प्यायची. ब्लॅक. एव्हरी डे."

रणपिसे म्हणाले की ती चहा प्यायची, रविवारी मीच करून देत असे.

"हो, संडेला. कारण तुम्ही करायचे," निवेदिता म्हणाली. "तिला चहा आवडायचंच नाही."

मग रणपिसेंनी तिला विनवलं. तू सांग मला, मी लिहून घेतो, सगळं सांग. निवेदितानं नकार दिला. मी सांगितलं तर तो माझं पेज होईल, म्हणाली. तुमचं काय आहे ते लिहा. काही नसेल तर नका लिहू, आपण नुसती वंदना करू. आणि तिची शिफ्ट आहे म्हणून तिनं फोन ठेवला.

ते उठून स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी कपाट उघडलं, पिठाचा डबा बाजूला केला, आणि त्यामागून इन्स्टंट कॉफीची बरणी काढली. अर्धी संपलेली. वर्षभरात कॉफीचा दगड झाला होता. "ही पाहुण्यांसाठी असते असं मला वाटायचं," ते म्हणाले. चमच्यानं खरवडून, पाणी उकळून, त्यांनी काळी कॉफी केली आणि ओट्याशी उभ्या उभ्या प्यायले. मला विचारलं नाही. एरवी घरी आलेल्याला विचारल्याशिवाय राहणारा माणूस नव्हे तो. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. बसमध्ये मला रडू आलं. ते गाणं माझं होतं.

दोन मंगळवार रणपिसे आलेच नाहीत. कॉरिडॉरमधली खुर्ची रिकामी. तिसऱ्या मंगळवारी आले, आणि वर्ग सुटल्यावर जिलशी बोलायला थांबले. मी दाराशी रेंगाळले, सवयच तशी. आपल्याला बायकोबद्दल जवळजवळ काही माहीत नाही, हे त्यांनी जिलला इंग्रजीत सांगितलं, अर्ज मागे घेतल्यासारखं. जिलनं चष्मा काढला. तिनं सांत्वन वगैरे केलं नाही. म्हणाली, मग जेवढं माहीत आहे तेवढंच लिहा. उरलेलं कोरं ठेवा. कोऱ्या जागेला घाबरू नका.

मार्च उजाडला. पान झालं का, मी विचारलं. झालं, म्हणाले. दाखवा की, म्हटलं. त्यांनी मान हलवली. "तुम्हाला नाही दाखवणार, सुचेताताई. तुम्ही ते सुंदर कराल."

मला झोंबलं. पण मी गप्प राहिले, आणि माझ्या बाबतीत हे दुर्मीळ आहे.

स्मृतिदिनाला मी गेले. अशा कार्यक्रमाला जायची माझी पहिलीच वेळ. भाड्याचा हॉल, साठ-सत्तर माणसं पांढऱ्या कपड्यांत, मागच्या बाजूला टेबलावर पुरी, बटाट्याची भाजी आणि खीर. मी शेवटच्या रांगेत बसले. निवेदिता सकाळीच कार्डिफहून आली होती, पहिल्या रांगेत टोकाला बसलेली, पांढरा साधा कुडता, हात मांडीत. वंदना झाली. संघाचे आताचे सेक्रेटरी संजय, पन्नाशीचे, त्यांनी माइकवरून सांगितलं की आता आदरणीय रणपिसेसाहेब परिचय वाचतील. रणपिसे उठले. कोट, टाय, पॉलिश. एकच कागद.

त्यांनी वाचलं ते असं होतं:

"धम्मशीला आणि मी त्रेचाळीस वर्षं नवरा-बायको होतो. त्यातली सदतीस वर्षं आमच्या पाळ्या उलट होत्या. तिची सकाळ मला माहीत नाही. तिची संध्याकाळ मला माहीत नाही. ती कामावर काय करायची हे मी तिला नीट विचारलं नाही.

"मला दुपारचे दोन पंचवीस माहीत आहेत. कारखान्यातून येणाऱ्या बसमधून मी उतरायचो. त्याच बसमध्ये ती चढायची. ड्रायव्हर थांबायचा. ती निवेदिताचा हात माझ्या हातात द्यायची. मग किल्ली द्यायची. मग सांगायची. भात झालाय. हिला खोकला आहे. गॅसवाला येणार आहे. मी म्हणायचो, बरं. तिचा कोट निळा होता. त्याचं वरचं बटण तुटलेलं होतं, तिथे ती सेफ्टी पिन लावायची. तिच्या हातांना औषधी साबणाचा वास यायचा, कामावर जायच्या आधीसुद्धा. मग बस जायची.

"निवेदिता शाळेत जायला लागल्यावर फक्त किल्ली आणि निरोप. सुट्टीत पुन्हा हात. कारखाना बंद होईपर्यंत अठरा वर्षं हे चाललं. पिन तशीच होती. ते बटण मी लावून दिलं नाही. मी फिटर होतो.

"मी इथल्या अडतीस लोकांचे परिचय लिहिले. ते मी रविवारी लिहायचो. रविवारी ती घरी असायची."

एवढंच. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खाली बसले.

हॉलमध्ये चुळबुळ झाली. लोकांना वाटलं, दुसरं पान राहिलं असेल. माझ्या पुढच्या बाईनं शेजारणीला विचारलं, झालं? संजय गोंधळले, माइकपाशी गेले, आणि त्यांना बिचाऱ्यांना वाटलं की साहेबांच्या हातून राहून गेलं. म्हणून त्यांनी आठवेल तसं जोडून दिलं, की धम्मशीलाताईंचा जन्म अमुक गावचा, शिक्षण मॅट्रिक, हॉस्पिटलात अनेक वर्षं सेवा, संघाच्या प्रत्येक कार्यक्रमात स्वयंपाकाची जबाबदारी, मनमिळाऊ आणि कष्टाळू व्यक्तिमत्त्व. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. मला संजयना जाऊन खाली बसवावंसं वाटलं. पण त्यांची काय चूक? हे त्यांना रणपिसेंनीच शिकवलं होतं.

निवेदिता हलली नाही. लोक जेवायला उठले, तरी ती तिथेच. रणपिसे तिच्याकडे बघतही नव्हते, लोकांना 'जेवून घ्या, जेवून घ्या' करत होते. त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. निकाल भिंतीवर लागलाय आणि जवळ जायचं धाडस होत नाही, असा चेहरा.

हॉल चारला रिकामा करून द्यायचा होता. खुर्च्या रचायला मी थांबले होते, म्हणून हे मला दिसलं आणि ऐकू आलं. निवेदिता उठून वडिलांजवळ आली. ते खुर्ची उचलत होते, ती तिनं त्यांच्या हातून घेऊन खाली ठेवली.

"तो आई होता," ती म्हणाली. "सेफ्टी पिन. मी विसरलेले. तो आईच होता, बाबा."

रणपिसेंनी मान हलवली. मग तिनं विचारलं, पुढचं का नाही लिहिलं?

"पुढचं काय?" ते म्हणाले. "पुढे बस जायची."

निवेदिता त्यांच्याकडे बघत राहिली. "बस स्टार्ट झाली की आई मागच्या विंडोमध्ये यायची," ती म्हणाली. "लोकांमधून पुश करून, एव्हरी टाइम. हात करायची, बस वळेपर्यंत. मी करायचे परत. तुम्ही पुढे चालायला लागलेले असायचे, माझा हात ओढून. मी मागे बघत चालायचे."

रणपिसेंनी हळूच विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"मी लहान होते, बाबा. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

ती पुन्हा खुर्च्या रचायला लागली, कारण हॉलचा माणूस दारात येऊन उभा होता. रणपिसे तिथेच टेबलाशी बसले. खिशातून कागद काढला, घडी उलगडली, पेन काढलं. शेवटच्या ओळीखाली त्यांनी लिहिलं, 'ती मागच्या खिडकीतून हात करायची.' बराच वेळ त्या ओळीकडे बघितलं. मग ती खोडली, आणि खाली त्यांच्या त्या सुरेख अक्षरात नव्यानं लिहिलं, 'निवेदिता सांगते, ती मागच्या खिडकीतून हात करायची. मी पाहिलं नाही.'